निधान

बेळगावहून देवासला जायचे, तेही भर पावसात आणि लहान मोटारीने, हे ऐकून शेजारीपाजारी सगळ्यांनी आम्हाला वेड्यात काढले. पण हट्ट आमच्या मामांचा होता. मामा म्हणजे माझे सासरे. कानडी प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेले मास्तर, तेव्हा वय एकोणऐंशी. त्यांचे गाव सुळेभावीच्या जवळचे. सुळेभावी म्हटले की आपल्या भागातल्या माणसाला वेगळे सांगायला नको. ८ एप्रिल १९२४ रोजी तिथे शिवपुत्र सिद्धरामय्या कोमकली हा मुलगा जन्मला आणि पुढे कुमार गंधर्व या नावाने देशभर झाला. घरची भाषा कानडी, गाणे शिकले मुंबईत प्रोफेसर देवधरांकडे, आणि आयुष्य काढले माळव्यात, देवासला.

मामांचे म्हणणे एवढेच, "आमच्या मातीतला माणूस तिकडे जाऊन कसा काय रुजला, ती माती एकदा बघून यायची. आणि पावसाळ्यातच बघायची." कुमारांनी माळव्याच्या ऋतूंवर, पावसावर किती गाणी बांधली ते त्यांना पाठ. "पुढच्या वर्षी जाऊया," असे मी म्हटले तर म्हणाले, "पुढच्या वर्षीचे कुणी बघितलंय?" या वाक्यापुढे कोणता जावई बोलणार?

तर २०१७ च्या जुलैमध्ये आम्ही निघालो. मी गाडी चालवायला, शेजारी सौ., मागे मामा आणि आमची सातवीतली मुलगी. गाडी सहा वर्षांची जुनी, पाचदारी, छोटी. मागच्या डिकीत बॅगा, पाण्याचा कॅन, मामांची औषधे, चकल्यांचा डबा आणि सौ.ने हौसेने घेतलेली कुंद्याची पाकिटे, असे खच्चून सामान.

निघण्यापूर्वी आठ दिवस आधी मी टायर बदलले होते. ते इथे सांगायलाच हवे, कारण पुढची सगळी गोष्ट त्यावरच आहे. चारही टायर एकदम बदलायचे म्हणजे खिशाला भार. म्हणून दोनच घेतले. दुकानदार म्हणाला, "पुढे घालूया साहेब. इंजिन पुढे, स्टेअरिंग पुढे, ब्रेकचा जोर पुढे. मागचे नुसते पळतात. ते अजून वर्षभर जातील." मलाही ते पटले. मागचे दोन्ही टायर गाडीबरोबर कंपनीतूनच आलेले. खाचा अगदीच गेल्या नव्हत्या, पण उथळ झाल्या होत्या. मी वाकूनसुद्धा बघितले नाही. पुढचे नवेकोरे टायर बघितले आणि समाधानाने घरी आलो.

पहिला मुक्काम पुणे, दुसरा धुळे. वाटेत पाऊस होताच. पण गाडी अशी मुठीत राहायची की मीच खूश. ब्रेक दाबला की थांबते, स्टेअरिंग वळवले की वळते. मागून मात्र मामांचे सुरू असायचे, "निधान होग्री." कानडीत निधान म्हणजे सावकाश. कर्नाटकात रस्त्याकडेला पाट्याच असतात, निधानवे प्रधान, म्हणजे सावकाशीलाच मान. जरा काटा सत्तरच्या पुढे गेला की मागून "निधान" आलेच. मुलगी हसायची. "अज्जा, गाडीला नवीन टायर आहेत हो!" मीही तेच म्हणायचो.

तिसऱ्या दिवशी शिरपूर सोडून सेंधव्याच्या अलीकडचा बिजासन घाट चढलो आणि मध्य प्रदेशात आलो. खलघाटला नर्मदेचा पूल लागला. नदी गढूळ, दोन्ही काठ भरून चाललेली. मामांनी गाडीतूनच हात जोडले. संध्याकाळी मांडूला पोचलो तेव्हा सगळा डोंगर ढगात बुडालेला. जहाज महालाच्या दोन्ही बाजूंचे तलाव भरले होते आणि महाल खरोखरच पाण्यात उभा असल्यासारखा दिसत होता. रूपमतीच्या मंडपावरून नर्मदा दिसते म्हणतात. आम्हाला हातभर पलीकडचा कठडा दिसला तेवढाच. वाटेत गोरखचिंचेची ती पिंपाएवढ्या बुंध्याची झाडे. त्यांची फळे 'मांडू की इमली' म्हणून विकतात. मामांनी एक घेतले आणि सबंध वाट मांडीवर धरून ठेवले.

दुसऱ्या दिवशी सकाळी धारकडे निघालो. मांडू ते धार अंतर साधारण पस्तीस किलोमीटर. रात्रभर पडून पाऊस नुकताच थांबला होता. घाट उतरलो, नालछा गाव मागे टाकले. आता सपाटी आली, धोका संपला, असे मनाने घेतले. दोन्ही बाजूंना सोयाबीनची हिरवीगार शेते. मामा म्हणाले, "हे तर आपल्या बैलहोंगलसारखंच की!" खरेच होते. तीच काळी माती, जिला आपण कानडीत एरी म्हणतो. उन्हाळ्यात भेगाळणारी आणि पावसात लोण्यासारखी होणारी.

पुढे एक डावे वळण आले. वेग पंचावन्न-साठ असेल, फार नव्हे. वळणात शिरलो आणि दिसले की शेतातून निघालेल्या ट्रॅक्टरने चाकांबरोबर आणलेला काळा चिखल रस्त्यावर पसरला आहे. मी दचकलो. दचकलेला माणूस जे करतो तेच केले. पाय एकदम उचलला आणि ब्रेकवर ठेवला.

गाडीचे तोंड वळणातच होते. पण शेपूट माझे ऐकेना. मागची बाजू उजवीकडे सरकली, आधी हळूच, जणू कुणीतरी मागून ढकलते आहे, आणि मग एकदम. समोरच्या काचेतून रस्ता निघून गेला आणि शेत आले. शेतानंतर एक बाभूळ, बाभळीनंतर आम्ही ज्या रस्त्याने आलो तोच रस्ता. गाडी पुरती उलटी फिरून रस्त्याच्या दुसऱ्या कडेला गेली आणि मागचे चाक चरात बसून थांबली. आवाज कसला म्हणाल तर डिकीतले डबे आपटल्याचा. बाकी सगळे शांत.

सौ. आधी मागे वळली. "अप्पा, पेट्ट आतेन्री?" लागले का, म्हणून विचारत होती. मामांनी मान हलवली. एका हाताने नातीला छातीशी धरले होते, दुसऱ्या हातात ती इमली तशीच. मुलगी रडत नव्हती. नुसती माझ्याकडे बघत होती. ती नजर मला आजही आठवते. मी बोलणार एवढ्यात धारकडून एक भरलेला ट्रक आला आणि आम्ही फिरताना ज्या जागेवर होतो बरोबर त्याच जागेवरून हॉर्न देत निघून गेला. मध्ये किती वेळ गेला असेल? पाच सेकंद, दहा सेकंद. मी मोजले नाहीत.

ट्रॅक्टरवाला धावत आला. त्याने आणि आणखी दोघांनी मिळून गाडी चरातून ढकलून बाहेर काढली. एका पैशाची अपेक्षा नाही. उलट "चिखल आमचा, माफ करा," असे आपल्या माळवी हिंदीत म्हणाला. मी कसाबसा तीसच्या वेगाने धारला आलो. वाटेत मागून एकदाही "निधान" आले नाही. त्याचेच मला जास्त वाईट वाटले.

धारमध्ये इंदूरकडे जाणाऱ्या रस्त्यावर एक टायरचे छोटे दुकान दिसले. चाक वाकले का ते बघावे म्हणून थांबलो. दुकानातला म्हातारा कारागीर गाडीभोवती एक चक्कर मारून मागच्या चाकाशी उकिडवा बसला. खाचेत बोट घातले, वर बघितले आणि म्हणाला, "नए आगे, और घिसे हुए पीछे? किसने लगाए?" मी म्हटले, जोर पुढे असतो ना, म्हणून. तो हसला नाही. म्हणाला, "आगे फिसले तो गाड़ी सीधी जाए. पीछे फिसले तो गाड़ी घूम जाए. सीधी को आदमी रोक ले, घूमती को कौन रोके?"

त्याने मागच्या टायरच्या कडेवरचा चार आकड्यांचा शिक्का मला दाखवला. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. २०११ सालचा बारावा आठवडा. म्हणजे रबर सहा वर्षांचे. खाच शिल्लक दिसली तरी जुने रबर कडक होते आणि ओल्या रस्त्याला चिकटत नाही. मग त्याने चारही चाके काढली. नवी दोन मागे घातली, जुनी दोन पुढे. "देवास तक आराम से जाओ, घर पहुँचके ये दो भी बदल देना," म्हणाला. हवाही त्याने मागे जरा वाढवून दिली. ड्रायव्हरच्या दारापाशी जो तक्ता चिकटवलेला असतो त्यात चार माणसे आणि सामान असेल तर मागच्या चाकात किती हवा हवी ते वेगळे लिहिलेले असते. सहा वर्षांत मी तो तक्ता वाचला नव्हता.

घरी आल्यावर मी या विषयाचे जमेल तेवढे वाचले, जाणकारांना विचारले. म्हाताऱ्याचे म्हणणे अक्षरशः खरे निघाले. टायर बनवणारेही हेच सांगतात की दोनच टायर नवे घेतले तर ते मागे घालावेत, गाडी पुढच्या चाकांवर ओढणारी असली तरीही. कारण असे. आपल्या लहान गाड्यांचे इंजिन पुढे, त्यामुळे वजन पुढे आणि मागची बाजू हलकी. ओल्यात पुढच्या चाकांची पकड सुटली तर गाडी वळायचे सोडून सरळ जाऊ लागते. चालक घाबरून पाय उचलतो, वेग कमी होतो, भार पुढच्या चाकांवर येतो आणि पकड परत मिळते. म्हणजे घाबरून केलेली गोष्टसुद्धा उपयोगी पडते. मागची सुटली की नेमके उलटे. वळणात पाय उचलला किंवा ब्रेक मारला की भार पुढे जातो, आधीच हलके असलेले मागचे टोक आणखी हलके होते आणि गाडी भोवऱ्यासारखी फिरते. घाबरून केलेली तीच गोष्ट इथे घात करते.

दुसरी गंमत अशी की पुढचे टायर नवे असले तर गाडी फार चांगली चालते असा भास होतो. स्टेअरिंगमधून आपल्या हाताला पुढचीच चाके कळतात. मागची काय करताहेत ते हाताला कळत नाही, कंबरेला कळते, आणि तेही उशिरा. बेळगाव ते मांडू मी ज्या भरवशावर चाललो तो निम्म्या गाडीचा भरवसा होता.

शेपूट सुटलेच तर काय करावे? ब्रेकवर उभे राहू नये. शेपूट ज्या बाजूला गेले त्याच बाजूला स्टेअरिंग हलकेच वळवावे, नजर चरावर न ठेवता जिथे जायचे आहे तिथे ठेवावी, आणि गाडी सरळ होऊ लागताच स्टेअरिंगही लगेच सरळ करावे. लिहायला सोपे आहे. मला विचाराल तर त्या क्षणी मला यातले काहीच जमले नाही आणि आपल्यापैकी बहुतेकांना जमणार नाही. म्हणून वेग वळणात शिरण्यापूर्वीच कमी करायचा आणि वळणात पाय स्थिर ठेवायचा, एवढे तरी हातात आहे. भारतात एप्रिल २०१९ पासून नव्या मोटारींना एबीएस सक्तीचे झाले. माझ्या गाडीला ते नव्हते. पण असते तरी एबीएस काम करते ते ब्रेक दाबल्यावर चाक अडकून घसरू नये म्हणून. झिजलेल्या टायरला ते पकड देत नाही. फिरणारी गाडी सावरण्यासाठी ईएससी नावाची वेगळी यंत्रणा असते. नवी गाडी घेणाऱ्यांनी तिची चौकशी जरूर करावी.

टायर होईपर्यंत आम्ही दुकानासमोर चहा घेत बसलो होतो. आमचे मराठी ऐकून एक वृद्ध गृहस्थ थांबले. "आपण दक्षिणेकडले का?" त्यांचे मराठी जुन्या पुस्तकातले वाटावे असे. धार हे पवारांचे संस्थान. मराठे अठराव्या शतकात इथे आले ते इथलेच झाले. इथल्या किल्ल्यातच १७७५ साली दुसरा बाजीराव जन्मला, हे त्यांनीच आठवण करून दिले. मामांनी त्यांना आपल्या कानडी वळणाच्या मराठीत उत्तरे दिली. दोघांनाही एकमेकांचे मराठी गोड वाटत होते, ते चेहऱ्यांवरून दिसत होते. सकाळपासून मामा पहिल्यांदा बोलले ते तिथे.

धारहून घाटाबिल्लोदला चंबळ ओलांडून इंदूर, आणि इंदूरहून पुढे सुमारे पस्तीस-चाळीस किलोमीटरवर देवास. गाव येण्याआधी टेकडी दिसते. वर तुळजाभवानी आणि चामुंडा, थोरली माता आणि धाकटी माता. राज्येही तशीच दोन होती, थोरली पाती आणि धाकटी पाती. तुकोजी आणि जिवाजी या पवार भावांची. एका गावात दोन राजे, दोन दरबार. थोरल्या पातीच्या महाराजांकडे १९२१ साली ई. एम. फॉर्स्टर हा इंग्रज लेखक खासगी चिटणीस म्हणून राहिला आणि त्याने पुढे या टेकडीच्या नावाने पुस्तकही लिहिले. आज देवास ओळखतात ते कारखान्यांसाठी आणि नोटांच्या छापखान्यासाठी.

मामांना टेकडी चढवेना. "वर तुम्ही जा. मला खाली काम आहे," म्हणाले. त्यांचे काम म्हणजे टेकडीच्या पायथ्याचे ते घर, भानुकुल. आम्ही आत गेलो नाही. कुणाच्या घरी असे न सांगता जाऊ नये, हा मामांचा मास्तरी नियम. रस्त्याच्या कडेला गाडी लावली आणि ते छत्री घेऊन उभे राहिले. पाऊस रिमझिमत होता. टेकडीच्या बाजूने मोर ओरडत होता.

१९४८ साली कुमार या गावात आले ते क्षयाचे रोगी म्हणून. कोरडी हवा मानवेल म्हणून. तेव्हा ते चोविशीचे होते. गाण्यावर बंदी. जवळजवळ पाच-सहा वर्षे बिछान्यावर. स्ट्रेप्टोमायसिन हे औषध आले आणि ते वाचले, पण एक फुप्फुस कामातून गेले. त्या पडून राहिलेल्या वर्षांत त्यांनी काय केले, तर ऐकले. खिडकीबाहेरून जाणाऱ्या बायकांची, भिकाऱ्यांची, जोग्यांची माळवी गाणी. पुढे जे गाणे त्यांनी उभे केले त्याची मुळे त्या सक्तीच्या स्वस्थपणात आहेत. लांब श्वासाच्या ताना घेता येत नव्हत्या, तर लहान श्वासात मावेल असे गाणे त्यांनी घडवले. १२ जानेवारी १९९२ ला ते गेले ते याच गावात.

मामा हे सगळे नातीला कानडीत सांगत होते. मध्येच ती म्हणाली, "अज्जा, म्हणजे ते निधान झाले म्हणून चांगले गायले?" मामा हसले. मग तिने आणखी एक सांगितले. शाळेत शब्दार्थ लिहिताना तिच्या बाईंनी निधान म्हणजे ठेवा, खजिना असे दिले होते. "मराठीत निधान म्हणजे ठेवा, कानडीत सावकाश. अज्जा, बरोबर कुठले?"

मामांनी क्षणभर घराकडे बघितले. मग म्हणाले, "एरडू." दोन्ही.

मी काही बोललो नाही. सकाळच्या वळणाबद्दल त्यांनी मला एका शब्दाने टाकून बोलले नव्हते, ते तेव्हाही बोलले नाहीत. फक्त गाडीत बसताना मागच्या नव्या टायरवर छत्रीच्या टोकाने दोनदा टकटक केले आणि आत बसले.

परत आल्यावर मी आमच्या टायरवाल्याकडे गेलो, भांडायला नव्हे, सांगायला. तो म्हणाला, "मला हे माहीत आहे साहेब. पण गिऱ्हाइकाला मागे घालतो म्हटले की त्याला वाटते मी फसवतोय." यात त्याची जेवढी चूक, तेवढी न विचारणाऱ्या माझ्यासारख्याची.

मामा २०१९ साली गेले. देवास बघून गेले, एवढे समाधान आहे. ते नालछ्याच्या त्या वळणावर राहिले नाहीत, ते नशीब म्हणायचे. माझी हुशारी त्यात काडीचीही नव्हती. ती इमली अजून आमच्या शोकेसमध्ये आहे, वाळून खडखडते.

आता दरवर्षी मृग लागण्यापूर्वी, चोर्ला किंवा आंबोली घाटात जाण्याच्या आधी, मी गाडीच्या मागे उकिडवा बसतो. टायरच्या खाचेच्या तळाशी छोटे उंचवटे असतात, १.६ मिलिमीटरचे. टायर झिजून त्यांच्या बरोबरीला आला की तो बाद. पावसात मी तिथपर्यंत थांबत नाही. आधीच बदलतो, आणि दोनच बदलले तर नवे मागे. आपण सगळे पुढचेच बघत चालवतो. पण घरातली म्हातारी माणसे आणि मुले आपण मागे बसवतो, एवढे लक्षात ठेवले तरी पुरे.